स्पॅनिशचा दुसरा टप्पा: इंग्रजीचा वळसा न घेता, नागपुरी मराठीतून

प्रतापनगरातल्या माझ्या घरी शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मुलं स्पॅनिशच्या ट्यूशनला येतात. सगळी नववी-दहावीची. शाळेत दोन वर्षं स्पॅनिश झालेलं, ‘माझं नाव अमुक’, ‘मला दोन भाऊ आहेत’ इथपर्यंत गाडी सुरळीत. गेल्या जुलैत त्यातला एक जण शाळेची वही घेऊन आला. ‘लहानपणी मी दर रविवारी आजीकडे जायचो’ अशा अर्थाचं वाक्य आणि क्रियापदाभोवती लाल गोल. त्यानं लिहिलं होतं ‘फुई’, हवं होतं ‘ईबा’.

“ताई, ‘वेन्ट’ म्हणजे ‘फुई’च ना? मग मॅडम चूक का म्हणून राहिल्या?”

“इंग्रजी सोड. मराठीत काय म्हणशील?”

“जायचो.”

“आणि फक्त काल गेला असशील तर?”

“गेलो.”

“जायचो म्हणजे ईबा. गेलो म्हणजे फुई.”

तो थोडा वेळ वहीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “हे पुस्तकात चार पानं देऊन ठेवलंय ना ताई!”

पुस्तकाचा दोष नाही. ते इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं आहे आणि इंग्रजीत ‘जायचो’ आणि ‘गेलो’ या दोन्हींना बहुतेक वेळा एकच रूप चालतं. आपली मुलं मात्र घरात दिवसभर हा फरक अचूक करतात आणि स्पॅनिशच्या तासाला तो विसरून इंग्रजीच्या वळशानं जातात. दुसऱ्या टप्प्यात अडकलेल्या मुलांची निम्मी अडचण मला या वळशात दिसते. म्हणून हा लेख मराठीकडून स्पॅनिशकडे थेट जाणाऱ्या वाटेचा. जिथं मराठी दगा देते ती ठिकाणंही सांगणार आहे. तीही काही कमी नाहीत.

एक खुलासा. इथं मी स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिते आहे, कारण उच्चार त्यातच नीट कळतो. तुमच्या वहीत मात्र पहिल्या दिवसापासून रोमन लिपीच हवी, नाहीतर शुद्धलेखनात मार खाल.

आधी आपण कुठं आहोत ते बघा

युरोपीय चौकटीत भाषेच्या सहा पातळ्या आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. शाळेत ‘इंटरमीजिएट’ म्हणतात ते साधारण ए-२ संपून बी-१ सुरू होण्याचं वळण. स्वतःची परीक्षा घ्यायला एक कोरा कागद आणि दहा मिनिटं पुरतात. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलं ते दहा ओळींत लिहा, पुस्तक न उघडता. वर्तमानकाळच येत असेल तर अजून पहिल्याच टप्प्यावर आहात. भूतकाळ आला पण सगळी वाक्यं एकाच साच्याची झाली, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

पहिले दोन आठवडे नवीन काही शिकू नका. सेर, एस्तार, तेनेर, ईर, आसेर, देसीर, पोदेर, पोनेर, बेनीर, केरेर, साबेर, दार, बेर, सालीर, त्राएर ही पंधरा क्रियापदं वर्तमानकाळात झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. पुढचं सगळं यांच्यावर उभं आहे. हा भाग कंटाळवाणा आहे, त्यावर मला काही उपाय सापडलेला नाही.

तोंड मराठीच ठेवा

स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी शाळेतली मुलं ‘तोमाते’चं ‘टोमाटे’ करतात. आजीच्या ‘तांदळा’तला त आणि ‘दगडा’तला द घ्या, काम झालं. प आणि क यांच्यामागे हवेचा फुत्कार नको, तोही आपल्याकडे नसतोच. ब आणि व यांचा उच्चार स्पॅनिशमध्ये सारखाच, म्हणून या लेखात गावा-संस्थांची नावं सोडून दोन्हींसाठी ब लिहिला आहे. ‘एच’ हे अक्षर मुकं असतं. ‘जे’ हे अक्षर घशातून ख सारखं येतं: मुलगा म्हणजे ‘ईखो’. साधा र आणि घोळवलेला र्र यांत फरक ठेवा, कारण ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा.

आपली खरी पंचाईत जोराची आहे. मराठीत शब्दाच्या कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून स्पॅनिशमधल्या स्वरावरची ती छोटी तिरकी रेघ मुलांना नक्षी वाटते. ‘आऽब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’ आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे ‘तो बोलला’. एका रेघेनं माणूसही बदलला आणि काळही. माझ्याकडच्या एका मुलीनं वडिलांबद्दल दहा ओळी लिहिल्या आणि ‘पापाऽ’वरची रेघ सगळीकडे गाळली. लॅटिन अमेरिकेत ‘पाऽपा’ म्हणजे बटाटा. तिचा बटाटा अजनीला रेल्वेत नोकरीला होता, सकाळी आठला डबा घेऊन निघायचा आणि रविवारी झोपून राहायचा.

नियम सोपा आहे. शब्द स्वरानं, ‘एन’नं किंवा ‘एस’नं संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यावर), इतर व्यंजनानं संपत असेल तर शेवटच्या अवयवावर. जिथं हे मोडतं तिथं रेघ. म्हणून रेघ दिसली की मोठ्यानं वाचताना तिथं जोर द्यायचाच. महिनाभर हातात पेन्सिल धरून जोर दिलेल्या अक्षराखाली टिंब द्या. नंतर गरज राहत नाही.

टंकलेखनाचंही आत्ताच उरकू. फोनवर अक्षर दाबून धरलं की रेघेचं रूप वर येतं. विंडोज संगणकावर नंबरपॅडसह आल्ट दाबून १६४ म्हणजे डोक्यावर लाट असलेला ‘न्य’, १६० ते १६३ म्हणजे रेघेचे आ, ई, ओ, ऊ, आणि १३० म्हणजे रेघेचा ए. वाक्याच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह १६८.

दोन भूतकाळ: इथं वेळ घाला

वर्षभराच्या अभ्यासातला एक तृतीयांश वेळ एकट्या या विषयाला दिला तरी चालेल. कसोटी अशी: वाक्य आधी मराठीत म्हणा. क्रियापद ‘-यचो, -यची, -यचे’ किंवा ‘-त होतो’ असं आलं तर अपूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘ईबा’, ‘कोमीआ’, ‘एरा’चं घर. ‘गेलो, खाल्लं, म्हणाला’ असं तुटक आलं तर पूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘फुई’, ‘कोमीऽ’, ‘दीखो’चं घर.

‘मी जेवत होते, तेवढ्यात लाइट गेली.’ यातलं ‘जेवत होते’ अपूर्ण, ‘गेली’ पूर्ण. मे महिन्यात नागपुरात हे वाक्य शिकवावं लागत नाही.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. पुस्तकात एक चौकट असते: काही क्रियापदांचा अर्थ दोन भूतकाळांत बदलतो, पाठ करा. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेत उलटी लिहितात. मराठीत ती चौकट आपल्या जिभेवरच आहे. ‘साबीआ’ म्हणजे ‘मला माहीत होतं’, ‘सूपे’ म्हणजे ‘मला कळलं’. ‘कोनोसीआ’ म्हणजे ‘मी ओळखायचे’, ‘कोनोसीऽ’ म्हणजे ‘माझी ओळख झाली’. ‘नो केरीआ’ म्हणजे ‘जायची इच्छा नव्हती’, ‘नो कीसे’ म्हणजे ‘गेले नाही, सरळ नकार दिला’. आपण या जागी दोन वेगळे शब्दच वापरतो, म्हणून चुकायची सोय नाही.

आता खड्डा. ‘आम्ही पाच वर्षं पुण्यात राहत होतो.’ मराठीत ‘राहत होतो’ ऐकून तुम्ही अपूर्ण भूतकाळ टाकाल आणि चुकाल. मुदत मोजून दिली आणि ती संपलेली असली, तर स्पॅनिशला पूर्ण भूतकाळ लागतो: ‘बिबीमोस सिंको आन्योस’. दोन तास, तीन महिने, दिवसभर, असं मोजमाप वाक्यात दिसलं की थांबा आणि मराठी कानावर विश्वास ठेवू नका.

रूपांचं ओझं विषम आहे, हे लक्षात घेतलं तर वेळ वाचतो. अपूर्ण भूतकाळात अनियमित क्रियापदं तीनच: सेर, ईर, बेर. ती अर्ध्या तासात होतात. पूर्ण भूतकाळात मात्र जंगल आहे: तूबे, एस्तूबे, ईसे, पूसे, पूदे, बीने, त्राखे, दीखे. ही रोज चार, वाक्यात घालून. नुसतं रूप पाठ केलेलं माझ्याकडे गुरुवारपर्यंतही टिकत नाही.

सरावासाठी मी मुलांना मारबतीवर लिहायला लावते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे काळी-पिवळी मारबतचे पुतळे, तिच्यासोबतचे बडगे (टर उडवणारे फलक लावलेले पुतळे) आणि ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी. या एका विषयात दोन्ही भूतकाळ आपोआप येतात: लहानपणी बाबा खांद्यावर बसवायचे, गर्दी असायची, ढोल वाजत असायचे (अपूर्ण), यंदा आम्ही इतवारीत पोहोचलो, पाऊस आला, माझी चप्पल हरवली (पूर्ण). आधी पार्श्वभूमी पाच ओळींत, मग घडलेलं पाच ओळींत, मग दोन्ही एकमेकांत विणायचं. याच विषयाला स्पेनचा जोडीदारही मिळतो. वालेन्सियात मार्चमध्ये फायास नावाचा उत्सव असतो, राजकारणाची आणि चालू घडामोडींची टर उडवणारे प्रचंड पुतळे उभारतात आणि १९ मार्चच्या रात्री जाळतात. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बडग्यांवरचे फलक वाचलेल्या पोराला फायास समजावून सांगावी लागत नाही. तोंडी परीक्षेत ‘तुमच्या गावचा एखादा सण सांगा’ हा प्रश्न आला की दिवाळी सांगणाऱ्या मुलांच्या रांगेत मारबत सांगणारा लक्षात राहतो.

‘करून राहिलो’ आणि ‘-ला’

नागपुरी बोलीची शाळेत टिंगल झालेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. ‘मी अभ्यास करून राहिलो’ यात दोन तुकडे आहेत: ‘करून’ आणि ‘राहिलो’. स्पॅनिशमध्येही दोनच: ‘एस्तोय एस्तुदिआंदो’. असण्याचं क्रियापद अधिक न बदलणारं धातुसाधित, फक्त क्रम उलटा. पुण्याच्या ‘करतोय’मध्ये हे तुकडे एकत्र वितळलेले आहेत, आपल्याकडे स्वच्छ सुटे दिसतात. ‘काय करून राहिला?’ म्हणजे ‘के एस्तास आसिएंदो?’ मात्र ‘उद्या येऊन राहिलो’ असं पुढच्या काळासाठी आपण म्हणतो, ते तिकडे चालत नाही. तिथं साधा वर्तमानकाळ घ्या.

दुसरी चावी ‘-ला’ या प्रत्ययाची. ‘मी आजीला बघते’, पण ‘मी टीव्ही बघते’. माणसाला ‘ला’ लागतो, वस्तूला लागत नाही. स्पॅनिशमध्ये अगदी हेच काम ‘आ’ करतो: ‘बेओ आ मि आबुएला’, पण ‘बेओ ला तेलेबिसिओन’. इंग्रजीतून शिकणारी मुलं हा ‘आ’ वर्षभर विसरतात. गावाला जाण्याचा ‘ला’ही हाच: ‘नागपूरला जातो’ म्हणजे ‘बोय आ नागपूर’. आणि कोणाला काही देण्याचा ‘ला’ही. फक्त ‘मी नागपूरला राहतो’ मधला ‘ला’ नेऊ नका, तिथं ‘एन’ हवा.

‘मला संत्री आवडतात’ हे तर जसंच्या तसं: ‘मे गुस्तान लास मांदारीनास’. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्याप्रमाणे, आणि आवडणारा माणूस ‘मला’. एक संत्रं असेल तर ‘आवडतं’, म्हणजे ‘गुस्ता’. पुस्तकातलं ‘उलट्या क्रियापदांचं’ प्रकरण आपल्यासाठी सरळच आहे. ‘मे पारेसे’ म्हणजे ‘मला वाटतं’, ‘मे फाल्ता’ म्हणजे ‘मला कमी पडतंय’. हातून ग्लास पडला, तर आपण ‘मी पाडला’ म्हणत नाही. स्पॅनिशही म्हणत नाही: ‘से मे कायोऽ एल बासो’. जबाबदारी ग्लासावर ढकलण्याची सोय दोन्ही भाषांत आहे. भूक, तहान, झोप यांचं मात्र उलट. ‘मला भूक लागली’ला ‘मे’ नको, तिथं भूक ‘जवळ असते’: ‘तेंगो आम्ब्रे’.

(संत्र्याबद्दल एक सांगायचं राहिलं. स्पॅनिश ‘नारांखा’ हा शब्द संस्कृत ‘नारंग’वरून फारसी-अरबीच्या वाटेनं तिकडे पोहोचला. आपलं नागपुरी संत्रं मात्र मँडरीन जातीचं, म्हणून त्याला ‘मांदारीना’ म्हणा. साखरेचीही हीच कथा: शर्करा, अरबी सुक्कर, स्पॅनिश ‘आसूकार’. शिवाय पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले शब्द त्यांच्या स्पॅनिश चुलतभावंडांवरून ओळखू येतात: चावी आणि ‘याबे’, बिजागरी आणि ‘बिसाग्रा’, पाव आणि ‘पान’, पगार आणि पैसे देणं या अर्थी ‘पागार’.)

सर्वनामांचं एक कोडं इथंच सोडवू. ‘संत्री घेतलीस का?’ ‘हो, घेतली.’ मराठी उत्तरात ‘ती’ म्हटलं नाही तरी ‘घेतली’च्या शेवटावरून लिंग-वचन कळतं. स्पॅनिश क्रियापदात ते कळत नाही, म्हणून ‘लास’ आधी ठेवावंच लागतं: ‘सी, लास कोम्प्रे’. तुमच्या मनात ‘घेतला, घेतली, घेतले, घेतल्या’ यातलं काही आलं की लो, ला, लोस, लास यातलं एक क्रियापदाआधी हवं. फक्त लिंग त्यांचं घ्या, आपलं नको. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ‘मानो’ स्त्रीलिंगी. आपली समस्या स्त्रीलिंगी, त्यांचा ‘प्रोब्लेमा’ पुल्लिंगी. नाम पाठ करताना पुढचं ‘एल’ किंवा ‘ला’ सोडून कधीच पाठ करू नका.

‘यावंस’, ‘येवो’ आणि ज्याला सगळे घाबरतात ते रूप

सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका, भावना सांगताना येणारं क्रियापदाचं रूप. दहावीच्या मुलांचा चेहरा या शब्दानं पडतो. इंग्रजीत हे रूप जवळजवळ मेलेलं आहे, त्यामुळे इंग्रजीतून समजावताना शिक्षकांचीही दमछाक होते. आपल्याकडे ते जिवंत आहे. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणजे ‘किएरो के बेंगास’. ‘पाऊस येवो!’ म्हणजे ‘ओखालाऽ युएबा!’ यातला ‘ओखालाऽ’ मूळचा अरबी, देवाची इच्छा असेल तर अशा अर्थाचा, म्हणजे आपलं ‘देव करो आणि’. ‘बरं वाटावं म्हणून’मधला ‘म्हणून’ म्हणजे ‘पारा के’.

एकाच माणसाची इच्छा आणि कृती असेल तर हे रूप लागत नाही, हा नियमही मराठी पाळते. ‘मला जायचंय’ म्हणजे ‘किएरो ईर’. ‘तू जावंस असं वाटतं’ म्हणजे ‘किएरो के बायास’. जायचंय आणि जावंस यात तुम्ही आयुष्यात कधी गोंधळ केलाय का?

मग अडतं कुठं? तीन ठिकाणी, जिथं मराठीत ‘-आवं’ येत नाही. एक, शंका: ‘तो येईल असं मला वाटत नाही’ यात आपण साधा भविष्यकाळ ठेवतो, स्पॅनिश ‘नो क्रेओ के बेंगा’ म्हणते. ‘वाटतं’ असेल तर साधं रूप, ‘वाटत नाही’ असेल तर हे रूप. दोन, भावना: ‘तू आलास याचा आनंद झाला’, ‘तुला बरं नाही याचं वाईट वाटतं’. गोष्ट खरी घडलेली असली तरी तिच्याबद्दलची भावना सांगितली की हे रूप येतं. तीन, आणि हे सर्वांत जास्त गुण खातं: ‘तू नागपूरला येशील तेव्हा’. मुलं इमानदारीनं भविष्यकाळ लिहितात. हवं असतं ‘क्वांदो बेंगास आ नागपूर’. पुढे व्हायच्या गोष्टीचं ‘तेव्हा’ दिसलं की हात आवरा.

रूप करायची रीत: वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ओ काढा, आणि स्वर उलटा करा. ‘-आर’वाल्या क्रियापदांना ए, ‘-एर’ आणि ‘-ईर’वाल्यांना आ. ‘तेंगो’वरून ‘तेंगा’, ‘आब्लो’वरून ‘आब्ले’. या रीतीबाहेरची सहा: सेआ, बाया, एस्ते, आया, सेपा, दे. म्हणूनच सुरुवातीला ती पंधरा क्रियापदं घोटून घ्यायला सांगितलं.

जिथं मराठी कामाला येत नाही

‘आहे’. या एका शब्दासाठी स्पॅनिशमध्ये सेर, एस्तार आणि ‘आय’ (नुसतं ‘अमुक काही आहे’ सांगणारं) अशी तीन दारं. ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ हा शाळेतला नियम मला पटत नाही. नागपूर महाराष्ट्रात आहे, उद्या उठून कुठं जाणार नाही, तरी तिथं एस्तार लागतं. मेलेला माणूस परत येत नाही, तरी ‘एस्ताऽ मुएर्तो’. त्यापेक्षा असं धरा: काय आहे, कोण आहे, कुठला आहे हे सेर, कुठं आहे, कोणत्या अवस्थेत आहे हे एस्तार. कार्यक्रम कुठं आहे यालाच फक्त सेर. फळांच्या बाबतीत मराठीतला एक बारीक फरक मदत करतो: ‘संत्री गोड असतात’ हे ‘सोन दुल्सेस’, फोड तोंडात टाकून ‘हे आंबट आहे’ म्हटलं तर ‘एस्ताऽ आसिदा’. ‘असतात’ ऐकू आलं की बहुधा सेर.

‘साठी’चंही असंच. पोर आणि पारा दोन्ही ‘साठी’त बसतात, म्हणून ‘साठी’ला बाजूला ठेवा. ‘-मुळे’, ‘-तून’, ‘-वरून’ आणि किमतीचा ‘-ला’ (दोनशेला घेतलं) हे सगळे पोर. ‘-करता’, ‘-च्या दिशेनं’ आणि ‘सोमवारपर्यंत द्यायचं’मधली मुदत हे पारा. आभार नेहमी पोर. एवढ्यात दहातले आठ प्रश्न सुटतात, उरलेले वाचनातून सुटतील.

तू-तुम्हीचं सोपं वाटतं म्हणून मुलं घसरतात. ‘तू’ म्हणजे ‘तू’च, उच्चारासकट. ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी, पण क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी, ‘तो’सारखं. आपल्या ‘तुम्ही’सारखं अनेकवचन लावू नका. पत्रात एकदा ‘उस्तेद’ धरलं की शेवटपर्यंत धरा. आणि स्पेनमधली मुलं शिक्षकांना सर्रास ‘तू’ म्हणतात हे ऐकून वर्गातल्या मॅडमवर प्रयोग करू नका.

आठवडा कसा लावायचा

रोज पंचवीस मिनिटं. रविवारी तीन तास बसणारी मुलं माझ्याकडे टिकलेली नाहीत. शाळेत तास असेल त्या दिवशी संध्याकाळी शिकवलेल्यातली पाच वाक्यं वहीत. वहीला तीन रकाने: मराठी वाक्य, स्पॅनिश वाक्य, आणि ‘का’. इंग्रजीचा रकाना नाही. ‘का’मध्ये एकच शब्द पुरतो: ‘जायचो’, ‘मुदत’, ‘वाटत नाही’. परीक्षेआधी तिसराच रकाना वाचायचा. चुकलेलं वाक्य खोडू नका, खाली दुरुस्त करा. आपण तीच चूक कितव्यांदा केली हे दिसायला हवं. भाषांतराचं अ‍ॅप वापरायचं तर स्वतः लिहून झाल्यावर, तपासायला. शब्दाचा अर्थ आणि क्रियापदाची रूपं यासाठी रिआल अकादेमिया एस्पान्योलाचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. ही संस्था १७१३ पासूनची, तिचा शब्द शेवटचा.

ऐकण्याला दांडी मारता येत नाही. लोकमान्य नगरहून मेट्रोनं बर्डीला येणारा एक मुलगा प्रवासात दोन मिनिटांचा एकच तुकडा तीनदा ऐकतो: पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा कळलेले शब्द मोजत, तिसऱ्यांदा उतरून घेत. दोन मिनिटांहून मोठा तुकडा घेऊ नका. धाडस असेल तर स्पेनच्या सरकारी रेडिओच्या दुपारी दोनच्या बातम्या थेट ऐका. त्या आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, उन्हाळ्यात साडेपाचला पडतात. आधी तीच बातमी मराठी पेपरात वाचलेली असली की निम्मं काम होतं. फुटबॉलचं स्पॅनिश समालोचन भयंकर वेगात असतं, पण मुलांना कंटाळा येत नाही, म्हणून मी अडवत नाही.

बोलण्यासाठी फोनवर स्वतःचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा, रोज एकाच वेळी, उदाहरणार्थ जेवणानंतर. अडखळलं की आपण ‘म्हणजे’ म्हणतो. त्या जागी ‘ओ सेआ’ म्हणायची सवय लावा. ‘पुएस’, ‘बुएनो’, ‘आ बेर’ हेही तसेच. शांत बसण्यापेक्षा हे चार शब्द बोलून विचार करायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याला भाषा वाहती वाटते. लिहिताना ‘आदेमास’, ‘सिन एम्बार्गो’, ‘पोर एसो’, ‘आऊंके’ हे जोडशब्द दर परिच्छेदात निदान दोन हवेत.

बाहेरची परीक्षा द्यायची असेल तर

स्पेन सरकारच्या वतीनं डेले नावाची परीक्षा होते. ती इन्स्तितूतो सेर्वांतेस घेतं, त्याचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे. ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी तिचा शालेय प्रकार आहे: ए-२ आणि बी-१ यांची मिळून एकच परीक्षा, गुणांप्रमाणे यातली कोणती पातळी मिळते ते ठरतं. प्रौढांच्या बी-१ मध्ये वाचनाला ७० मिनिटं, ऐकण्याला ४०, लिहिण्याला ६०, आणि बोलण्याला १५ मिनिटांची तयारी अधिक १५ मिनिटं संभाषण. वाचन-लेखन ही एक जोडी, श्रवण-संभाषण ही दुसरी, आणि दोन्ही जोड्यांत ५० पैकी ३० गुण लागतात. म्हणजे नुसतं लिखाण चांगलं असलेला पोरगा ऐकण्या-बोलण्यात अडकतो. प्रमाणपत्राला मुदत नसते. शाळेचाच अभ्यासक्रम नीट केला असेल तर वेगळी तयारी दोन महिन्यांची, तीही मुख्यतः जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवण्याची.

तोंडी परीक्षेत शब्द अडला, तर इंग्रजी शब्द फेकू नका. वस्तू कशासाठी वापरतात ते सांगा. त्याची तालीम घरातच होते: पोळपाट, खलबत्ता, सूप, कूलर, यांपैकी एकाला रोज स्पॅनिशमध्ये तीन वाक्यांत समजवायचं, नाव न घेता. माझ्या एका विद्यार्थिनीला परीक्षेत घराचं वर्णन करायचं होतं आणि कूलरला शब्द सापडेना. तिनं सांगितलं: मोठी लोखंडी पेटी आहे, आत पाणी आणि वाळलेलं गवत आहे, पंखा फिरतो, बाबा तिच्यात रोज संध्याकाळी पाणी भरतात, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे तिच्यासमोर झोपतो. परीक्षकांनी पुढचे तीन प्रश्न त्या पेटीबद्दलच विचारले.